गुलाबचा उजवा

"घट्ट बांध ना बे. सैल रायली अन् हात सुटला, त मंग मले बोल नोको लावू."

गुलाब तेलगोटे उजवा हात कमरेशी धरून माझ्यापुढे उभा होता. हातावर ग्लोव्ह चढवलेला होता आणि मी त्याच्या मनगटाभोवती सुतळीचे वेढे देत होतो. वेढे मनगटावरून कमरेला न्यायचे आणि गाठ मागे पाठीशी मारायची, अशी ती रोजची तऱ्हा होती. मी गाठ मारली. गुलाबने डावा, मोकळा हात मागे नेऊन ती चाचपली आणि तोंड वाकडं केलं.

"हे गाठ हाय का? हे त पोरीच्या वेणीची रिबीन हाय."

आणि मागे न बघता, एका हाताच्या बोटांनी त्याने माझी गाठ सोडली आणि दुसरी मारली. असली मारली, की प्रॅक्टिस संपल्यावर ती सोडायलाही त्यालाच सांगावं लागायचं. डाळ मिलमध्ये दिवसभर पोत्यांची तोंडं शिवायचं त्याचं काम होतं. दाभण आणि सुतळी त्याच्या हातात अशी चालायची, की बघणाऱ्याला पोतं कधी शिवून झालं ते कळत नसे.

मग डाव्या हातात ग्लोव्ह चढवून तो मधे जाऊन उभा राहायचा आणि आम्हा सगळ्यांकडे बघून ओरडायचा, "चला, आज कोनाची पाळी?"

ही आमच्या अकोल्याच्या बॉक्सिंग क्लबातली गोष्ट. क्लब म्हणजे काय, तर कापसाच्या जिनिंगच्या पडक्या गोदामात दोरखंडाने आखलेला एक चौकोन, एक वाळूचं पोतं आणि आमचे सुभेदार. खंडारे सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन आले होते आणि त्यांचा शब्द म्हणजे हुकूम. गुलाबचा उजवा बांधायचा, हाही त्यांचाच हुकूम होता.

तो का बांधायचा, हे सांगायचं तर आधी कबूल करायला हवं की गुलाब हा अगदी बेताचा बॉक्सर होता. बेताचा म्हणजे आम्ही मित्र म्हणून बेताचा म्हणतो. त्याचे पाय काळ्या मातीत रुतल्यासारखे हलायचे. हात छातीच्या वर जायचे नाहीत. समोरचा ठोसा त्याला दिसायचा, पण दिसेपर्यंत तो लागलेला असायचा. पॉइंटवर तो आयुष्यात एकही लढत जिंकला नव्हता. शेवटची घंटा वाजली की गुलाब हरला, हे पंचांनी सांगायची गरजच नसे.

पण शेवटची घंटा वाजेपर्यंत त्याच्यासमोर उभं राहायचं कोणी? कधीतरी, कुठूनतरी, समोरचा त्याला मारून मारून दमला की त्याचा उजवा यायचा. त्याला ना धड दिशा असायची, ना नेम. पण तो ज्याला लागायचा त्याचं घरदार एका क्षणात अंधारात. खामगावचा एक नामांकित पोरगा त्याला दोन फेऱ्या लोळवत होता. तिसऱ्या फेरीत तो स्वतः असा आडवा झाला की त्याला घोंगडीत घालून नेलं. लोक तेव्हापासून "बत्ती गुल!" असं ओरडायचे. गुलाबलाही ते आवडायचं.

एकदा प्रॅक्टिसमध्ये त्याने आमच्या भास्कर ढोरेला नुसता हात लावला. लावला म्हणजे गुलाबच्या हिशेबाने लावला. भास्करचा जबडा सुजला आणि तो कितीतरी दिवस पेज पीत बसला. त्या दिवशी सुभेदारांनी मिलमधून सुतळीचा लडा मागवला आणि खुंटीला टांगला. म्हणाले, "ह्याचा उजवा दोस्तायसाठी नाही. तो बाहेरच्यायसाठी. क्लबात हा हात बंद."

आम्हाला ते फार आवडलं. का नाही आवडणार? एक हात बांधलेला, पाय न हलणारा, कितीही मारलं तरी न पडणारा आणि वर हसणारा गडी रोज संध्याकाळी समोर उभा. नवीन काही शिकलो की गुलाबवर करून बघायचं. ज्याला आत्मविश्वास हवा असेल त्याने गुलाबबरोबर खेळायचं. आम्ही पाळ्या लावल्या होत्या.

"लागलं का रे?" कोणी विचारलंच तर तो म्हणायचा, "माशी बसली."

सुभेदार बाजूला उभे राहून सांगायचे, "त्याच्या डाव्याकडे ध्यान द्या बे. डोक्यावर कॉम्बिनेशन पूरं करा." आणि आम्ही एकामागून एक ठोसे घालून ते पूर्ण करायचो.

गुलाबची आणखी एक सवय सांगतो. मैदानात त्याने कोणाला झोपवलं की आमचे लोक त्याला खांद्यावर घ्यायचे, गुलाल उधळायचे, डफडी वाजवायचे. हा पठ्ठ्या खांद्यावरून उडी मारून खाली यायचा आणि सरळ पडलेल्या माणसाकडे जायचा. त्याच्या शेजारी मांडी घालून बसायचा, त्याच्या ग्लोव्हच्या नाड्या स्वतः सोडायचा आणि विचारायचा, "मी कोन हाय, सांग." तो माणूस "गुलाब" म्हणाला की याचा जीव भांड्यात पडायचा. त्याशिवाय पेढा तोंडात घालायचा नाही. "त्याले शुद्ध नसन त मी जिकून काय करू?" असं त्याचं म्हणणं.

त्या वर्षी जिल्ह्याच्या निवडीत, दिवाळीआधीच्या फेऱ्यांतून, आमच्या वजनाच्या अंतिम लढतीला दोघे उरले. गुलाब तेलगोटे आणि प्रफुल मानकर, म्हणजे मी.

दोघं एकाच क्लबातले, आणि राज्याच्या स्पर्धेला जाणार एकच. तिथे रेल्वेची माणसं पोरं हेरायला यायची. रेल्वे म्हणजे नोकरी, आणि नोकरी म्हणजे सगळंच. माझ्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं, की यंदा नाही झालं तर हे माकडचाळे बंद आणि गुपचूप सायकलच्या दुकानात बसायचं. गुलाबचा बेत वेगळा होता. त्याला टीसी व्हायचं होतं. "काळा कोट घालीन अन् मायले फुकटात काशीले नेईन," म्हणायचा. काळा कोट घातल्यावर तिकीट कोणाचंच लागत नाही, अशी त्याची ठाम समजूत होती.

लढतीच्या आदल्या दिवशी तो क्लबात आला तो डोक्याला फडकं आवळून. कपाळावर बामचा थर.

"काय झालं?" मी विचारलं.

"डोकं जड होऊन रायलं. पंधरा-वीस दिवस झाले." मग तो हसला. "अन् परवा त कमालच झाली. एक पोतं उघडंच रायलं माह्या हातून. सारी डाळ रस्त्यानं सांडत गेली. मालक म्हने, प्रेमात पडला का बे?"

"मला भ्यायला असशील," मी म्हणालो.

"तुले?" असं म्हणून त्याने माझ्या पाठीत डावा हात घातला. दोघंही हसलो. मनातून मला बरंच वाटलं. उद्या ज्याच्याशी लढायचं त्याचं डोकं दुखत असेल, तर कोणाला वाईट वाटेल?

दुसऱ्या दिवशी मैदानावर मांडव घातला होता. तेव्हा डोक्याला हेडगार्ड लावायची पद्धत आमच्याकडे पोचली नव्हती. दोघंही सुभेदारांचेच चेले, त्यामुळे ते कोणाच्याच कोपऱ्यात बसले नाहीत. पंचांच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसले आणि मिशीला पीळ देत राहिले.

पहिल्या दोन फेऱ्या मी अशा खेळलो, की त्या आठवल्या तर आजही मला स्वतःचा अभिमान वाटतो आणि लगेच त्या अभिमानाची लाज वाटते. मी त्याला ओळखत होतो. रोज संध्याकाळी ज्या डोक्यावर सराव केला होता तेच डोकं समोर होतं. फरक इतकाच, की आज उजवा मोकळा होता. मी त्याच्या उजव्याच्या टप्प्यात थांबतच नव्हतो. जायचं, दोन-तीन मारायचे, निघून यायचं. गुलाब रुतलेल्या पायांनी वळत होता आणि मी दर वेळी त्याच्या मागे सापडत होतो. लोक माझं नाव घेऊन ओरडू लागले. एकदा तर त्याचा तोल गेला, तो दोरखंडाला टेकला आणि डोकं झटकून पुन्हा पुढे आला.

तिसऱ्या फेरीत मला एवढंच करायचं होतं, की लांब राहायचं. मी लांबच होतो. मला तो दोरखंड आठवतो, पंचांचा पांढरा शर्ट आठवतो आणि गुलाबचा डावा खांदा किंचित खाली गेलेला आठवतो.

त्यानंतर मला मांडवाचं कापड दिसलं. लाल आणि पांढरे पट्टे. ते इतके छान दिसत होते की मी बराच वेळ तेच बघत पडलो. मग नाकाखाली काहीतरी झणझणीत आलं आणि स्पर्धेचे डॉक्टर धारस्कर दिसले. हातात बॅटरी, माझ्या डोळ्यात झोत.

"नाव सांगा स्वतःचं."

"प्रफुल मानकर."

"गाव?"

"अकोला. डॉक्टर, फेरी सुरू आहे का?"

ते हसले. "फेरी संपली, बाळा. तुमचीही संपली."

दोरखंडाबाहेर डफडी वाजत होती. "बत्ती गुल! बत्ती गुल!" असा गलका चालला होता. गुलाब खांद्यांवर होता, गुलालाने माखलेला; त्याचे ग्लोव्ह लोकांनी केव्हाच काढले होते. गेली माझी रेल्वे, असं मी स्वतःशी म्हणालो आणि डोळ्यांत पाणी आलं. ते ग्लोव्हने पुसायला लागलो तर नाकाला चामडं लागलं.

मग गुलाब आलाच. खांद्यावरून उतरला, गर्दीतून वाट काढत आला आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसला. लोक भोवती गोळा झाले. सगळ्यांना ही सवय ठाऊक होती, सगळे हसत होते. त्याने माझा उजवा हात मांडीवर घेतला आणि नाडी ओढली.

"मी कोन हाय, सांग."

"गुलाब," मी म्हणालो. "जा, पेढा खा आता."

लोक हसले. गुलाब नाडी ओढत होता. साधं फुलपाखरू होतं, एक टोक ओढलं की सुटणारं. त्याने ते टोक धरलं, सोडलं, दुसरं धरलं आणि ओढलं. गाठ आवळली. त्याने पुन्हा ओढलं. ती आणखी आवळली. पाठीमागे न बघता एका हाताने सुतळीची गाठ मारणारी ती बोटं माझ्या मनगटावर नुसती फिरत होती. आंधळ्याने दाराची कडी शोधावी तशी.

"मी कोन हाय?" त्याने विचारलं.

"अरे, गुलाब. गुलाब तेलगोटे. झालं का समाधान?"

"बाप्पा, दोनदा पास झाला!" मागून कोणीतरी ओरडलं आणि पुन्हा हशा पिकला.

गुलाब हसला नाही. तो माझ्यावर वाकला. त्याच्या भुवईवरचा गुलाल घामाने वाहून गालावर आला होता. तोंड माझ्या कानाशी आणून, लोकांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात तो म्हणाला, "सांग ना बे. मी कोन हाय?"

मी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. एका डोळ्यातलं बुबुळ नेहमीसारखं होतं. दुसऱ्यातला काळा ठिपका पसरून मोठा झाला होता.

तो माझी परीक्षा घेत नव्हता. तो खरोखर विचारत होता.

"डॉक्टर!" मी ओरडलो. "याला बघा! याला काहीतरी झालंय!"

डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शांत पडून राहा. मार लागल्यावर असं वाटतं."

"मला नाही, याला! याला गाठ सोडता येत नाहीये!"

"हरल्याचं लय मनाले लावून घेतलं पोट्ट्यानं," कोणीतरी म्हणालं. दोघं गुलाबला पुन्हा खांद्यावर घ्यायला वाकले. डफडं वाजवणारा तर माझ्या पायाशी येऊन वाजवू लागला. मी ओरडत होतो आणि माझं कोणी ऐकत नव्हतं. ऐकणार कसे? मी पडलेला होतो आणि तो जिंकलेला होता. जिंकलेल्या माणसाला काय झालेलं असणार?

मला दुसरं काही सुचलं नाही. मी उठून बसलो, ग्लोव्ह घातलेल्या दोन्ही हातांमधे डॉक्टरांचं मनगट पकडलं आणि जोर लावून तो बॅटरीचा झोत गुलाबच्या तोंडावर वळवला.

डॉक्टर रागावून काहीतरी बोलणार होते. पण आधी त्यांना तो डोळा दिसला. त्यांनी झोत एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर नेला, पुन्हा पहिल्यावर आणला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"वाजवणं बंद करा," ते म्हणाले. मग किंचाळले, "बंद करा ते!"

सुभेदार गर्दी सारत आत आले. "गुलाब! मी कोन? गुलाब, इकडं पाह्य!"

गुलाबने त्यांच्याकडे पाहिलं, ओळखीचं हसला, आणि बसल्या जागी माझ्या मांडीवर कलंडला. माझ्या हातात ग्लोव्ह तसेच होते. त्याचं डोकं धरायला मला धड बोटंही नव्हती.

जीपमधून त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जन बाहेर आले तेव्हा व्हरांड्यात मी, सुभेदार आणि गुलाबची आई सरूबाई होतो. सरूबाईच्या मांडीवर पेढ्यांचा पुडा होता. कोणीतरी रात्री तिच्या हातात दिलेला, तिने तो तसाच धरून ठेवला होता.

"जिवंत आहे," सर्जन म्हणाले. "बाकी काय परत येईल, काय नाही, ते आत्ता सांगत नाही." सुभेदारांना त्यांनी चार पावलं बाजूला घेतलं. मी मागोमाग गेलो. "मेंदूवर कालचं ताजं रक्त होतं, पण थोडं. बाकीचं जुनं आहे. काळं पडलेलं, थरावर थर. हे महिन्याभराचं तरी आहे. मधे कुठे कुठे लढला हा?"

"कुठीच नाही, साहेब." सुभेदार ताठ उभे होते, फौजेत उभे राहतात तसे. "दिवाळीपासून एक बी लढत नाही झाली. नुसती प्रॅक्टिस."

"प्रॅक्टिसमधे कोणी एवढं मारलं याला?"

"प्रॅक्टिसमधे त आमी लय काळजी घेत होतो, साहेब. त्याचा उजवा हात बांधून ठेवत होतो ना. सुतळीनं. रोज."

"हात बांधून? कशाला?"

"कोनाले लागू नये म्हनून."

"कोणाला?" सर्जनांनी विचारलं.

सुभेदारांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. मला वाटलं हा माणूस आता इथेच कोसळणार. मी त्यांचा दंड धरला. आणि मग माझ्या लक्षात आलं, की ती सुतळी बांधणारा हात हाच होता.

गुलाबच्या जागी राज्याच्या स्पर्धेला मी गेलो. जा म्हणाले म्हणून गेलो, आणि पहिल्याच लढतीत हात वर करून परत आलो. समोरच्याचं डोकं दिसलं की माझा हात निघेना. पुढे एसटीत कंडक्टर झालो. आजही कुठल्या लग्नात जुनं माणूस भेटलं की ओळख करून देतं, "हाच तो, गुलाबनं झोपवलेला." मी हो म्हणतो.

पण मला आठवतो तो ऑपरेशननंतरच्या उन्हाळ्यातला एक दिवस. संध्याकाळची वेळ होती. क्लब सुरू होता, पण कोणी कोणाला मारत नव्हतं. वाळूच्या पोत्याशी झोंबायचं आणि घरी जायचं. दारात सरूबाई दिसली. तिच्या मागे गुलाब. वाळलेला, डोक्यावर नुकते केस फुटलेले, टाळूच्या बाजूला नांगरटीसारखी खूण.

"सांज झाली का उठते अन् घराभाईर पळते," सरूबाई म्हणाली. "मले माय म्हनत नाही, पन वाट बरोबर इकडचीच धरते. म्हनलं, आज पाहू त खरं कुठी जाते."

आम्ही सगळे जागच्या जागी उभे राहिलो. गुलाबने आमच्याकडे पाहिलं. ओळखीचं काही दिसलं नाही त्याला. भास्करवरून नजर गेली, माझ्यावरून गेली, सुभेदारांवरून गेली. मग ती भिंतीवर गेली आणि तिथे थांबली.

खुंटीला सुतळीचा लडा तसाच होता. काढायचं कोणाच्याही मनात आलं नव्हतं, किंवा कोणाची छाती झाली नव्हती.

तो गेला, लडा काढला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. उजवा हात कमरेशी धरला.

"घट्ट बांध," तो म्हणाला.

मी नाही म्हणून मान हलवली. मग त्याने स्वतःच मनगटाला वेढे घेतले, सुतळी मागे नेली, आणि मागे न बघता डाव्या हाताच्या बोटांनी गाठ मारली. आईचं नाव गेलं होतं, स्वतःचं गेलं होतं. गाठ मात्र पहिल्यासारखी पक्की बसली. तो चालत मधे गेला, आमच्याकडे वळला आणि हसला.

"चला, आज कोनाची पाळी?"

सरूबाई काही न समजून आमच्या तोंडांकडे बघत होती. भास्कर भिंतीकडे तोंड करून रडायला लागला.

"माही," सुभेदार म्हणाले.

ते दोरखंडाखालून आत गेले. गाठ सुटेना तेव्हा खिशातला चाकू काढून त्यांनी सुतळी कापली. गुलाबचा उजवा हात मोकळा करून त्यांनी तो दोन्ही हातांनी वर उचलला, त्याच्यापुढे आपलं पांढरं डोकं वाकवलं आणि म्हणाले, "मार. आज माही पाळी हाय, गुलाब. मार मले."

गुलाबने त्या हाताकडे पाहिलं. मूठ वळली, पुन्हा उघडली, आणि हात त्याने घाईघाईने पाठीमागे लपवला.

"नाही, नाही," तो म्हणाला. "तुमाले लागन."

आणि खाली वाकून, डाव्या हाताने जमीन चाचपत, तो कापलेली सुतळी शोधू लागला.